वहाणांची तोंडं

जागल्या अकोल्यात मेला तेव्हा अमरावतीत तो चांगला धडधाकट होता. मूर्तिजापूर दोहोंच्या मधलं, म्हणून तिथल्या स्टँडवर चहा पिणारी मंडळी त्याला अर्धमेला म्हणत. आज हे सांगितलं की ऐकणारे हसतात, मीही हसतो. पण त्या दिवसांत पाठकमास्तरांच्या ओट्यावर बसून हसायची माझी छाती नव्हती.

पाठकमास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी मराठी शिकवायचो. त्यांचं घराणं भिक्षुकाचं, घर अमरावतीच्या अंबागेटच्या आत. वडिलांनी दोन्ही मुलांना याज्ञिकी पढवली होती. थोरल्या वासुदेवरावांनी ती निमूट पुढे चालवली आणि धाकट्या नारायणरावांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, हातात कोरणी धरली. पण लहानपणी पाठ केलेलं काही डोक्यातून गेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या घरी सोयर आलं, सुतक आलं, तर किती दिवस पाळायचं ते लोक पंचांगाआधी यांना विचारत, आणि हे समोरच्या वह्यांवरून नजर न काढता सांगत.

जागल्या त्यांचा. पूर्वी गावची राखण करणारा जागल्या असे. त्या नावाचा एक पुरुष मास्तरांनी काढला. अंगावर काळं घोंगडं, तोंडाला काळं फडकं, दिसायचे ते फक्त डोळे. आमच्या गावच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर दर शनिवारी त्याची चित्रकथा येई. कापसाच्या गाड्या लुटणारे, देवळातल्या मूर्ती पळवणारे, अशांशी त्याची गाठ पडायची. तो उडत नसे की भिंती फोडत नसे. त्याची करामत एवढीच, की ज्या घराच्या ओट्यावर तो वहाणा काढून बसेल त्या घरात मरण शिरत नसे. मात्र वहाणांची तोंडं बाहेर हवीत. पहारेकरी बाहेर तोंड करून बसतो, तशाच त्याच्या वहाणाही. दर खेपेला शेवटचं चित्र तेच असायचं: कुणाचं तरी दार आणि बाहेर तोंड केलेल्या दोन वहाणा.

जस्ताचे ठसे करायला नागपूरला पाठवावं लागे, म्हणून मास्तर चित्रं लिनोवर, म्हणजे मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, स्वतःच कोरत. कोरायचं ते उलटं, उमटतं ते सुलटं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांचा हात कायमचा उलटा पडला होता. एकदा शाळा तपासायला साहेब आले. हेडमास्तरांनी फळ्यावर ‘सुस्वागतम्’ काढायला सांगितलं आणि यांनी ते वेलबुट्टीसह, अत्यंत देखणं, पण आरशातलं काढलं. साहेब बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिले. मास्तर म्हणाले, “छापल्यावर बरोबर येईल, साहेब.” साहेबांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता हे फक्त मला माहीत होतं.

चित्राखालच्या ओळींचं शुद्धलेखन मी पाहत असे. त्यामुळे मास्तरांच्या जागल्याबद्दलच्या हट्टांचा मी रोजचा साक्षीदार. एका कथेत अकोटच्या जिनिंगमध्ये जागल्याच्या डाव्या गुडघ्याला मार बसला. झालं, त्यानंतर तो जन्माचा लंगडा. साप्ताहिकाचे आणि छापखान्याचे मालक गोपाळराव. ते एकदा म्हणाले, याला जरा मोटारीमागे पळवा, पोरांना आवडेल. मास्तरांनी विचारलं, “आन् गुडघा?” गोपाळराव म्हणाले, कोण लक्षात ठेवतं. मास्तरांनी कोरणी खाली ठेवली आणि त्या शनिवारी शेवटचं पान कोरं गेलं. नंतर माझ्याशी बोलताना म्हणाले, “चित्रातला माणूस खोटा असला तं चालते मास्तर. बेइमान असला तं नाही चालत.”

या हट्टामागे काय होतं, हे त्यांच्या घरी जाणाऱ्यालाच कळे. ओट्यावर, दाराच्या डाव्या अंगाला, जुन्या वहाणांचा एक जोड असायचा. तोंडं बाहेर. तो वासुदेवरावांचा. त्यांना लहानपणापासून खोड, की वहाणा काढताना वळून, रस्त्याकडे तोंड करून काढायच्या. निघताना वळायला नको. एका उन्हाळ्यात दुपारी जेवण करून, जरा वाऱ्याला बसतो, असं बायकोला सांगून ते ओट्यावर गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. वहाणा तिथेच होत्या. माणूस अनवाणी गेला होता, त्या उन्हात. कुणी म्हणे वलगावच्या रस्त्याने जाताना पाहिले, कुणी म्हणे रिद्धपूरला काळ्या कपड्यात साधूंच्या पंगतीत बसलेले पाहिले. मास्तर प्रत्येक ठिकाणी जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी होतं, पण ते नव्हते.

वेणूवहिनी त्या वेळी अगदी तरुण होत्या. त्या वहाणा त्यांनी हलवल्या नाहीत. झाडताना भोवतीने झाडत, पावसाळ्यात त्यांच्यावर पत्रा टाकत, आणि कातडं तडकू नये म्हणून अधूनमधून जागच्या जागी तेल लावत. कपाळावर कुंकू रोजचं, ठसठशीत. शनिवारी साप्ताहिक आलं की कथा वाचायच्या नाहीत. शेवटच्या चित्रातल्या वहाणा पाहायच्या आणि अंक घडी करून ठेवायच्या. एकदा मी गमतीने म्हटलं, वहिनी, कथाही वाचत जा, खालच्या ओळी मी तपासलेल्या असतात. त्या म्हणाल्या, “ते तुमचं चालू द्या. आमाले त्यायचं कुशल कळलं म्हणजे झालं.” यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. दर आठवड्याला त्या घरात एका माणसाची खुशाली छापून येत होती, आणि ती चुकली तर काय होईल हे मास्तर जाणून होते.

अशात गोपाळरावांनी जागल्या विकला. मुंबईचे कुणी मारधाडीचे बोलपट काढणारे आले, चहा प्याले आणि जागल्या घेऊन गेले. मास्तरांना पत्ता लागला तो थेट बडनेरा स्टेशनच्या भिंतीवर. जाहिरातीत घोड्यावर बसलेला एक पुरुष होता, डोळ्यांवर पट्टी, तोंड उघडं, आणि पायांत गुडघ्यापर्यंत बूट. मास्तर त्या बुटांकडे पाहत उभे राहिले आणि आमची गाडी गेली.

चित्रपट आधी अकोल्याला लागला. अमरावतीच्या थिएटरवाल्याला तो महिनोन् महिने मिळाला नाही. आम्ही दोघं रविवारी दुपारच्या खेळाला अकोल्याला गेलो. पडद्यावरचा जागल्या गुडघ्याने ठणठणीत होता, घोडा फेकत होता, आणि एका बागेत एका मुलीबरोबर गाणंही म्हणत होता. मी चोरून मास्तरांकडे पाहिलं. ते सरळ पडद्याकडे पाहत होते. शेवटी खलनायकाची गोळी लागून तो पडला, ती मुलगी धावत आली आणि तिने त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. त्या वेळी मात्र मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आजूबाजूचे लोक हुंदके देत होते. जागल्या पडद्यावर मेला, दिवे लागले, आणि बाहेर येऊन उन्हात उभं राहिल्यावर ते म्हणाले, “चेहरा दाखवला त्यायनं. आता त्याले मारणं भागच होतं.”

तिथून आम्ही ताजनापेठेत वकिलांकडे गेलो. दत्तोपंत वकील वहिनींचे सख्खे भाऊ. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीचा निकाल लागला पाहिजे असं मानणारा. बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षांनी मेला धरतात, शास्त्राने बारा. दोन्ही उलटून गेली होती. त्यांचं म्हणणं असं, की पळसाच्या पानांचा पुतळा करून वासुदेवरावांचा विधी एकदा उरकावा, म्हणजे बहीण मोकळी होईल. मग तिला माहेरी आणतो, शिकवतो, नॉर्मल स्कूलला घालून मास्तरीण करतो. ती आपल्या पायावर उभी राहील. यात वाईट काय होतं? मला तर पटत होतं. पण विधी करायचा अधिकार वासुदेवरावांच्या भावाचा, आणि मास्तर दर वेळी चहाचा कप खाली ठेवून म्हणत, “माणूस आहे. दर शनिवारी आहे.”

चित्रपट आल्यावर या ‘आहे’चीच पंचाईत झाली. साप्ताहिक अकोल्यालाही जाई. तिथून पत्रांचा पाऊस सुरू झाला: मेलेला माणूस शनिवारी चालतो कसा? घोडा कुठे गेला? ती मुलगी कुठे आहे, विधवा झाली का? अमरावतीची पोरं उलट विचारत, तो मेलाच कधी? दोन गावांतले मामे-आते भाऊ सुट्टीत भेटले की यावरून डोकी फोडत. गोपाळराव तडजोड सुचवून पाहत होते: निदान बूट तरी घाला. मास्तर कुणालाच उत्तर देत नव्हते. वहिनींना कुणीतरी सांगितलंच, की जागल्या गेला. त्या मला म्हणाल्या, तो बूट घालते ना? मग तो दुसरा कोणी असेल, बिचारा.

त्याच आठवड्यात ती गोष्ट झाली. रात्रीच्या अंधाराचं चित्र होतं, म्हणजे बहुतेक सगळा लिनो न कोरलेला, छपाईत काळाभोर. अंक हातात आला तेव्हा त्या काळ्यात, जागल्याच्या मागे, फिकट असं काही उमटलं होतं. दोन लांबट आकार, खाली वळलेले. बूट. वर कुणी नाही. मी छापखान्यात जाऊन लिनो पाहिला. तिथे एक ओरखडाही नव्हता. यंत्र चालवणारा म्हणाला कागदाचा भुसा बसला असेल, शाई कमी झाली असेल. तसं होतं, मी अनेकदा पाहिलं आहे. पण सगळ्या अंकांवर एकाच जागी? मास्तरांनी बोटाने तो भाग चाचपला आणि हळूच म्हणाले, “मी नाही कोरलं हे.” त्यानंतर ते काळ्या जागांवरही कोरणीच्या बारीक रेघा मारू लागले, कुठेच सलग अंधार राहू देईनात.

अकोल्याची माणसं खरी बेरकी. चित्रपट थिएटरातून उतरला तेव्हा तिथल्या टांगेवाल्यांनी आणि कॉलेजच्या पोरांनी जागल्याची अंत्ययात्राच काढली. गवताचा पुतळा केला, काळं फडकं बांधलं, पायांत कुणाचे तरी फाटके बूट घातले आणि वाजतगाजत मोर्णा नदीच्या काठी नेला. मंत्र म्हणायला एका भटजींचा पोरगा पकडून आणला होता. पोरगा टवाळ असला तरी घराणं पक्कं. तो म्हणाला, नाव-गोत्र सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून मंत्र निघणार नाही. पोरं हसायला लागली. जागल्याला कसलं आलंय गोत्र? आणि काठावरून गंमत पाहत उभे असलेले दत्तोपंत वकील पुढे झाले आणि म्हणाले, “काश्यप. नाव वासुदेव.”

हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. मुद्दाम एस. टी.ने आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोर्टातला होता. “नारायणराव, थट्टेत का होईना, नावागोत्रानं मंत्र पडले. अग्नी मिळाला. आता तुमच्या हातात काही राहिलं नाही. माझ्या बहिणीले मोकळं करा.”

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. आम्हा तिघांचंही धाडस होईना त्यांच्याकडे पाहायचं. त्यांनी विचारलं, “दादा, पुतळ्याच्या पायात काय होतं?”

वकील गोंधळले. म्हणाले, “बूट.”

“मंग ठीक आहे,” असं म्हणून त्या आत गेल्या आणि पोळपाटाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

वहिनींचं निभावलं, मास्तरांचं नाही. ते भिक्षुकाचे चिरंजीव. पायांत बूट होते की वहाणा हा वहिनींचा हिशोब. नाव आणि गोत्र उच्चारलं गेलं हा मास्तरांचा. त्या दिवसापासून ते खचले. वर्गात बोलता बोलता थांबायचे. चालताना डावा पाय ओढायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही, गुडघा धरला. एक दिवस मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि कानाशी लागून, चोरीला गेलेलं सापडल्यासारख्या आनंदाने म्हणाले, की सापडलं. बाबांनीच शिकवलं होतं. ज्याचा विधी होऊन गेला आणि जो नंतर जिवंत परत आला, त्याला घरात घेण्याचाही एक विधी आहे. त्याला तुपाच्या रांजणात बसवायचं, मुठी मिटून, गर्भातल्या पोरासारखं. मग बाहेर काढून जातकर्म, बारसं, मुंज. आणि शेवटी पहिल्याच बायकोशी पुन्हा लग्न. मग तो पुन्हा जिवंत.

मी म्हटलं, मास्तर, हे जिवंत माणसासाठी आहे. ते म्हणाले, “मी तरी हे कोणासाठी सांगून राहिलो?”

आणि पुढच्या शनिवारपासून आमच्या साप्ताहिकात जागल्या तुपाच्या रांजणात बसला. मी आयुष्यात पाहिलेली ती सर्वांत भयंकर आणि सर्वांत सुंदर चित्रं. मोठा बाप्या माणूस गुडघे छातीशी घेऊन बसलेला, तोंडावरचं फडकं तुपाने चिकटलेलं, अंगठे मुठींत. मग पाळणा, आणि पाळण्याबाहेर आलेले त्याचे लांब पाय. मग मुंजीतली लंगोटी. पोरांना काही कळेना. काही घरांत बायकांनी अंक लपवून ठेवले, मुलं झोपेत दचकतात म्हणून. गोपाळराव डोक्याला हात लावून बसले. विक्री राहू द्या, लोक पैसे परत मागू लागले. अकोल्याहून मात्र पत्रं थांबली. मेलेल्याला जन्म देतो म्हटल्यावर तिथल्यांनाही काही बोलता येईना.

लग्नाचं चित्र राहिलं होतं. मास्तरांनी बेत केला होता तो असा: अंतरपाट दूर होतो, समोर नवरा, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर फडकं नाही. वासुदेवरावांचा चेहरा. त्यांनी ते पेन्सिलीने काढून ठेवलं होतं, आणि वहिनींच्या नजरेस पडलं. मी तिथे होतो. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्या जमिनीवर बसल्या, दिरासमोर, एरवी बसत नसत तशा. म्हणाल्या, “भावजी, तुमी सगळं शास्त्र पाहिलं. मले कोणी विचारलं नाही.”

मास्तर म्हणाले, “आता विचारून राहिलो, वहिनी.”

“मंग अंतरपाट काढू नका. पलीकडे कोण आहे ते दिसलं, का आहे नाही तं गेला, एकच काहीतरी खरं होऊन जाईन. या दोहीतलं एक पुसावं लागन मले. अंतरपाट धरलेला राहू द्या. तेवढ्या जागेत मी राहतो.”

वऱ्हाडात बायकाही कधीकधी ‘राहतो’ म्हणतात, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या मलाही त्या वेळी तो शब्द सुधारावासा वाटला नाही. बारा-पंधरा वर्षं ही बाई कशावर जगली ते मला तेव्हा कळलं. ती वाट पाहत नव्हती. ती दारात उभी होती आणि दार कुणी लावू नये एवढंच तिला हवं होतं.

मास्तरांनी कागद फाडला. त्या शनिवारी छापलं गेलं ते असं: मधे अंतरपाट, त्यावर स्वस्तिक, वरून दोन्हीकडच्या माणसांचे हात. खाली अलीकडे जोडव्यांची पावलं आणि पलीकडे पुरुषाची. बूट नाहीत, वहाणाही नाहीत. लग्नात जोडे घालून कुणी उभं राहत नाही. अकोल्याच्यांना त्यावर बोट ठेवता येईना, अमरावतीच्यांनाही नाही. पण मी त्या अनवाणी पावलांकडे पाहिलं आणि मला ती उन्हाळ्यातली दुपार आठवली. त्या चित्राखाली एकही ओळ नव्हती. गोपाळरावांनी जागल्या तिथेच थांबवला आणि शेवटच्या पानावर पाककृती सुरू केल्या. वहिनींचं कुंकू त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तसंच राहिलं; वकिलांनीही पुन्हा विषय काढला नाही.

जागल्या थांबला त्याच वर्षी माझी बदली झाली, तीही अकोल्याला. निघायच्या दिवशी मी मास्तरांचा निरोप घ्यायला गेलो. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील, ओट्यावर ऊन आलं होतं. वहाणा नेहमीच्या जागी, तोंडं बाहेर. मी नेहमीसारखा त्यांना वळसा घालून आत गेलो. मास्तर बैठकीत होते. बरेच वाळले होते. पण हात चालू होता. लिनोच्या तुकड्यावर शाळेच्या संमेलनाची वेलबुट्टी कोरत होते. वहिनी आत स्वयंपाकाला लागल्या होत्या, फोडणीचा वास येत होता. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. अकोल्याच्या लोकांपासून जपा, जिवंत माणूस जाळतात, असं म्हणून ते हसले. फार दिवसांनी हसले, म्हणून मला बरं वाटलं. घरात चौथं कुणी नव्हतं, आणि बोलणं होईस्तोवर आम्हा तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही.

मला पोचवायला ते दारापर्यंत आले, डावा पाय ओढत. मी पायरी उतरून चपला घातल्या आणि मग माझं लक्ष गेलं. वासुदेवरावांच्या वहाणांची तोंडं आत होती. दोन्ही जोडून, उंबऱ्याला लागून, घरात आलेला माणूस काढतो तशा. आधीच्या जागी, तेलाने काळ्या पडलेल्या फरशीवर, त्यांची जुनी खूण बाहेर तोंड करून तशीच उमटलेली होती.

मास्तरांनीही पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील, वहिनींना बोलावतील, निदान वाकून वहाणा उचलतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ओट्यावर बसलेला पहारेकरी उठून घरात गेला तर ओटा राखणीवाचून राहतो आणि मरण आत शिरू शकतं, हा नियम त्यांनीच केला होता. तो त्यांच्याइतका कुणाला माहीत होता? त्यांच्या तोंडावर भीती होती आणि आनंदही होता, आणि दोन्ही लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“मास्तर, तुमी निघा,” ते म्हणाले. “बस चुकन तुमची. मागं पाहत राहू नका.”

मी निघालो. कोपऱ्यावर वळताना मात्र राहवलं नाही. ते दारातच उभे होते, पण आता रस्त्याकडे पाठ करून. आपल्या स्वतःच्या वहाणा वाकून त्यांनी वळवल्या, त्यांची तोंडं बाहेर केली आणि ओट्यावर, भिंतीला टेकून, ते बसले. मग आत ओरडून सांगितलं, नेहमीच्या आवाजात, “वहिनी, एक पान जास्तीचं घ्या. मी मंग जेवतो.”